कुलूप लागलं

त्या वर्षी पाऊस अर्ध्यावरच पाठ फिरवून गेला आणि उन्हाळा धड सुरू व्हायच्या आत विहिरींचे तळ दिसायला लागले. नेमकं त्याच वर्षी राज्यात विहीर नोंदणीचं विधेयक आलं. प्रत्येक खासगी विहिरीच्या कठड्यावर सरकारी आकडा, प्रत्येक मोटारीला मीटर, आणि कुणी किती पाणी उपसायचं याचा परवाना राजधानीतून. वस्तीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. मिस्त्रींनी सोडलं नाही.

मिस्त्रींनी जन्मभर विहिरी बांधल्या होत्या. चौसष्ट विहिरी, आणि एकीचाही थर सुटलेला नाही. गुडघे गेले तसं त्यांनी खाली उतरणं बंद केलं आणि अंगणातल्या छपरात बसून दगड घडवायची, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणी बांधायची कामं धरली. हात चालू असायचे आणि तोंड रिकामं. त्या रिकाम्या तोंडाचा तीन वर्षांपूर्वी ब्लॉग झाला. बांधकाम सरळ आहे का ते दाखवणाऱ्या दोरीच्या गोळ्यावरून नाव ठेवलं ‘ओळंबा’.

बोलायचे मिस्त्री, लिहायची सून. चुन्यासिमेंटनं मिस्त्रींच्या बोटांची टोकं इतकी झिजली होती की फोनच्या काचेला त्यांची ओळखच पटत नसे. “माझं बोट याला बोट वाटतच नाही बघ,” म्हणून ते वैतागायचे. शेवटी बोटाच्या पेरानं एक बोलायचं बटण तेवढं दाबायला शिकले. मुलाच्या जुन्या फोनात बोलून ठेवायचे, सुनेला पाठवायचे. ती वर्षाच्या पोरीला मांडीवर थोपटता थोपटता ते ऐकायची, लिहून काढायची, जेवणानंतर त्यांना वाचून दाखवायची आणि मगच ब्लॉगवर टाकायची. या क्रमात कधी खंड नव्हता.

मिस्त्रींचं म्हणणं साधं असायचं. सरकारनं रस्ते करावेत, चोर पकडावेत, कज्जे निवाडावेत. माणसाच्या घरात, शेतात, विहिरीत डोकावू नये. चार घरं एका जागी बसून जे मिटवू शकतात तिथं पाचवा कागद कशाला? मागच्या पिढ्यांनी पाण्याच्या पाळ्या लावल्या त्या काही कुणा साहेबाला विचारून नाहीत. हे वाचणारी माणसं राज्यभर निघाली. निवृत्त मास्तर, दुकानदार, लहान बागाईतदार, जुन्या वळणाची आणि सरकारी कागदाला बिचकून असणारी. त्यांतूनच विहीर मंच उभा राहिला. दारोदार फिरून त्यांनी विधेयकावर अकरा हजार हरकती भरून घेतल्या होत्या. येत्या गुरुवारी राजधानीत समितीपुढं सुनावणी होती आणि मंचातर्फे पहिलं बोलायचा मान मिस्त्रींचा होता. पाच मिनिटं. ती पाच मिनिटं ते पंधरा दिवस दगडांना ऐकवत होते.

कायदा व्हायच्या आधीच सरकारनं विहिरींची मोजणी सुरू केली होती. शुक्रवारी मोजणीवाले येऊन मिस्त्रींच्या थोरल्या भावाच्या विहिरीवर लाल रंगात सतरा आकडा काढून गेले. शनिवारी सकाळी बघावं तर विहिरीवर पत्रा, पत्र्यावर साखळी, साखळीला कुलूप. सुनेनं स्वतः जाऊन फोटो काढला. रविवारी मिस्त्री पहाटेच परगावी कामाला गेले आणि तिथूनच बोलून पाठवलं. पोरीला दात येत होते. अंग कोमट, तोंडातून लाळेची धार, खांद्यावरून खाली ठेवलं की किंकाळी. एका हातानं पोर आणि एका अंगठ्यानं मजकूर, असं करत सुनेनं लिहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वाचून न दाखवता टाकून दिलं.

सोमवारी दुपारपर्यंत नव्वद हजार लोकांनी ते वाचलं होतं.

“वहिनी, काय फोटो आहे!” मंचाच्या संयोजकाचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीच धावत आल्यासारखा असायचा. “पाणी प्यायच्या विहिरीला सरकारी कुलूप! मंत्र्यांना खुलासा विचारलाय लोकांनी. मी फलक छापतोय, वीस फुटी. मिस्त्रीकाकांना सांगा, गळा जपा.”

तिला बरं वाटलं. का नाही वाटणार? तीन वर्षं ती लिहीत होती आणि घरात तिला कुणी लेखिका म्हणत नव्हतं.

चार हरकती भरून घ्यायच्या राहिल्या होत्या, त्यातली एक थोरल्या काकूंची. सून पोरीला कडेवर मारून, कागदांची पिशवी खांद्याला लावून थोरल्यांच्या घरी गेली. काकू पडवीत धान्य निवडत होत्या.

“ये गं. काय म्हणतेय माझी चिमणी? दात दाखव बघू. अगोबाई, आलाच की!” काकूंनी सुपाएवढा हात पुढं केला. “बस. वीज नाही सकाळपासून, मोटार बंद. थांब, बादलीभर पाणी ओढून आणते, मग सही करते.”

त्या उठल्या आणि गळ्यातल्या दोऱ्यातून एक पिवळीधमक किल्ली बाहेर काढली.

“काकू, ही कसली किल्ली?”

“विहिरीची. दुसरी ह्यांच्या खिशात.”

“सरकारनं... तुम्हाला किल्ली दिली?”

काकू आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं, ते आवरेना. सूप खाली ठेवावं लागलं. “अगं वेडी का काय! सरकार किल्ल्या वाटत फिरतंय होय? ह्यांनी बाजारातून आणलंय कुलूप. पाणी उरलंय तीन हात. टेकाडावरची पाच घरं रोज दोर टाकायला हजर. एक म्हणतं दोन घागरी, एक म्हणतं मेंढ्या तहानल्यात. हे म्हणाले, आपल्यालाच पुरणार नाही.”

“मग मोजणीवाले?”

“ते आकडा रंगवून गेले, झालं. ती मुलगी होती ना, रंगाचा डबा घेऊन आलेली, माझ्याकडून चहा पिऊन गेली. हे म्हणाले, बरं झालं, आता कुलूप लावलं तरी नाव त्यांच्यावर जाईल, कुणी भांडायला येणार नाही.” काकूंनी आवाज खाली आणला. “आणि तू तर छापूनच टाकलंस. हे कालपासून म्हणतायत, धाकट्याची सून हुशार.”

सुनेनं सही घेतली. कागदावर काकूंचा अंगठ्याएवढा ओला डाग पडला तो तिनं बाहीनं टिपला. घरी येताना तिला कळलं की आपण धावतोय आणि पोर कडेवर हिंदकळत हसतेय.

मागच्या खोलीत पोरीला खाली सोडून तिनं फोन कानाला लावला. रविवारचं बोलणं. मागे कुठंतरी घण पडत होता. मिस्त्री सावकाश, दगड मोजून ठेवावेत तसे बोलत होते. “मोजणीवाले आले आणि विहिरीला कुलूप लागलं.”

लागलं.

तिनं ब्लॉग उघडला. “मोजणीवाले आले आणि विहिरीला कुलूप लावलं.”

पुन्हा ऐकलं. पुन्हा वाचलं. ग आणि व. कुलूप कुणी लावलं ते मिस्त्रींनी पाहिलं नव्हतं, म्हणून ते ‘लागलं’ म्हणाले होते. न पाहिलेलं त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. आणि तिला लिहिताना ते वाक्य मिळमिळीत वाटलं होतं. चूक होऊन गेली असंही नाही. अंगठा तिथं थांबला होता, एवढं तिला आठवत होतं. थांबला होता आणि मग व वर गेला होता.

नवरा पुढच्या खोलीत जळक्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना त्याच्याशी बोललेलं त्याला खपत नसे. तरी ती जाऊन बोलली. सगळं.

“एकशे बारा... तेरा...” तो थांबला. “झालं, चुकलो.” तार सोडून त्यानं तिच्याकडं पाहिलं. “आपल्या नळाला पाणी कुठून येतं?”

“काकांच्या विहिरीतून.”

“पाइप कुणाच्या भिंतीवरून येतो?”

“काकांच्या.”

“मग? तुझ्या एका अक्षरापायी उद्या नळ कोरडा पडला तर पोरीला काय पाजणार, शाई?” मग त्यालाच ते फार लागलं असावं. “गुरुवार होऊन जाऊ दे गं. बाबांचा जीव आहे त्या गुरुवारात.”

मंगळवारी संयोजक गाडी घेऊन आला. फलकाची गुंडाळी टपावर बांधलेली. त्याला थोरल्यांचा फोटो हवा होता, कुलपाशेजारी, कपाळाला हात लावून. थोरले आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होते.

“कपाळाला हात कसा लावू? असा की असा?”

“जरा दुःखी व्हा, काका.”

“झालोय की.”

सून पोरीला घेऊन बाजूला उभी होती. टेकाडावरची मेंढीवाली रिकामे डबे घेऊन वाटेनं चालली होती. हल्ली ती पाण्याला पलीकडच्या गावच्या टाकीवर जायची, जाऊन येऊन दोन तास. खांद्यावर काठी, काठीला दोन्हीकडे डबे, मानेवर काठीचा लालबुंद वळ. ती थांबली.

संयोजक उत्साहात म्हणाला, “काळजी करू नका मावशी. सरकारनं तुमचं पाणी तोडलंय ना? गुरुवारी बघा, कशी कुलपं उघडायला लावतो.”

मेंढीवालीनं थोरल्यांकडे पाहिलं. थोरले कपाळाला हात लावून होते, तो हात त्यांनी डोळ्यांवर ओढला.

“उघडा बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही मोठी माणसं.” आणि सुनेजवळून जाताना डबे सावरत, तोंड न वळवता पुटपुटली, “तुम्ही शिकलेल्या ना ताई? मग शिकलेल्यांना दिसत नाही का हो?”

मेंढीवालीला माहीत होतं. टेकाडावर सगळ्यांना माहीत होतं. ब्लॉग वाचणाऱ्या नव्वद हजारांनाच तेवढं माहीत नव्हतं.

दुपारी मिस्त्री छपरात डोणीचा दगड घडवत बसले होते. छिन्नी, टोला, फुंकर. पापण्यांवर पांढरी धूळ. सुनेनं पोरीला गोणपाटावर बसवलं, एक थापी खेळायला दिली आणि फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकवला. मग ब्लॉगवरची ओळ वाचली. मग काकूंची किल्ली सांगितली.

छिन्नी थांबली.

“दादानं लावलं?”

“हो बाबा.”

“आणि तू लिहिलंस, त्यांनी लावलं.”

“हो.”

तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी धुळीचा हात तोंडावरून फिरवला. तोंड आणखी पांढरं झालं.

“आज मंगळवार,” ते म्हणाले. “मधे एक दिवस. गुरुवारनंतर लिही काय ते.”

तिला आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. “बाबा, खोटं आहे ते.”

“कायदा वाईट आहे हे खोटं नाही ना? अकरा हजार माणसं उन्हात फिरलीत. एका कुलपापायी सगळ्यांच्या कष्टावर पाणी फिरवू?” मग एकदम, “भाऊ आहे तो माझा. त्याला गावासमोर उघडा करू?”

“पण वर नाव ओळंब्याचं आहे.”

“अक्षर तुझं आहे,” मिस्त्री म्हणाले, आणि छिन्नी उचलली.

घाव वाकडा बसला. डोणीच्या काठाचा टवका उडून पोरीच्या गोणपाटावर पडला. पोर दचकली, मग टवका तोंडात घालायला निघाली. सुनेनं तो तिच्या मुठीतून काढून घेतला. सात वर्षांत सासरे तिला ताडकन एक शब्द बोलले नव्हते.

बुधवारी सकाळी दारात एक मुलगी आली. वीस-बावीसची, उन्हानं भाजलेली, नखांच्या कडांना लाल रंग. आत या म्हटलं तरी येईना.

“ओळंबा इथंच ना? मी मोजणीची. सतरा नंबर मीच रंगवला.”

सुनेनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

“मला कामावरून काढलंय,” ती मुलगी म्हणाली. पाठ केल्यासारखं बोलत होती, वाटेत म्हणून पाहिलं असावं. “आदेश नसताना विहिरीला कुलूप लावलं म्हणून. वरून फोन आले म्हणे. मी कंत्राटी आहे, चौकशी वगैरे काही नसते आमची. मी भांडायला नाही आले हो. मला फक्त विचारायचंय. तुम्ही मला लावताना पाहिलंत का? कारण मी नाही लावलं. माझ्याकडे रंगाचा डबा होता, ब्रश होता. कुलूप कुठून आणू? मी नुसता आकडा काढला, तिथल्या काकूंनी चहा दिला, मी गेले.” एवढं बोलून तिचं पाठांतर संपलं. “थोडं पाणी मिळेल?”

सुनेनं तांब्या भरून दिला. मुलगी उभ्यानंच घटाघट प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं तेही तिनं हातानं मानेला चोळलं. पाणी थोरल्यांच्याच विहिरीचं होतं.

छपरातला टोल्याचा आवाज केव्हाच थांबला होता. मिस्त्री भिंतीला धरून दारापर्यंत आले होते. त्यांचे गुडघे असे अचानक उठायला तयार नसत.

“पोरी,” ते म्हणाले, “कुणी पाहिलं नाही तुला. कारण तू लावलंच नाहीस. संध्याकाळच्या आत आम्ही तसं लिहितो.”

“लेखी?”

“आमच्याकडं तेवढंच असतं.”

ती गेली. मिस्त्रींनी सदरा चढवला. सुनेनं फोन पुढं केला तसं ते म्हणाले, “आत्ता नाही. आधी दादाला सांगायचं. त्याला बाहेरून कळता कामा नये. चल, तूही चल. अक्षर तुझं आहे.” या वेळी ते शब्द कालच्यासारखे लागले नाहीत.

थोरले विहिरीच्या कठड्यावरच बसले होते. मिस्त्री उभे राहिले. भावाच्या बरोबरीनं बसायचं नाही ही त्यांची जुनी सवय.

“दादा, कुलूप तू लावलंस, असं आज लिहितोय.”

थोरल्यांनी आधी सुनेकडे, मग मिस्त्रींकडे पाहिलं. “माझी विहीर आहे.”

“तुझीच आहे.”

“तूच लिहितोस ना, ज्याची विहीर त्याची मर्जी? मग लावलं. कुणाच्या बापाचं काय गेलं?”

“लिहितो. पुढंही लिहीन. विहीर तुझी, कुलूप तुझं. मग नावही तुझंच असू दे की! ते त्या पोरीच्या गळ्यात का घातलंस? कामावरून काढलं तिला.”

“मी कुठं घातलं? मी एका तरी माणसाला बोललो का? हिनं लिहिलं!” थोरल्यांनी सुनेकडे बोट केलं. “मी आपला गप्प बसलो.”

“मीही काल गप्प बसलो,” मिस्त्री म्हणाले. “एक दिवस. तू चार दिवस. एवढाच फरक.”

थोरल्यांचा आवाज चढला तेव्हा तो रागापेक्षा रडवेला जास्त होता. “परवा लोक हार घेऊन आले माझ्याकडं. तुझ्याकडं नाही, माझ्याकडं! आता त्यांना तोंड कसं दाखवू? भाऊ ना तू? आपला भाऊ असं करतो?” ते ताडकन उठले. “लिही. खुशाल लिही. पण तुझा पाइप माझ्या भिंतीवरून काढून ने. आजच्या आज.”

काकू पडवीत उभ्या होत्या. त्यांचा हात नकळत गळ्यातल्या दोऱ्यावर गेला.

पाइप नवऱ्यानं काढला. शिडीवर चढून त्यानं एकेक क्लॅम्प सोडवला. खाली आल्यावर उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून पाइपचं तोंड बादलीत धरून उभा राहिला. अर्धी बादली भरली. मग बायकोकडे बघून म्हणाला, “लिहून झालं का?”

“त्यांनी सांगायचंय अजून.”

“मग बसा की. नळ तर गेलाच. आता निदान काम तरी पुरं करा.”

मिस्त्री पायरीवर बसून सांगत गेले, ती लिहीत गेली. विहिरीला कुलूप मोजणीवाल्यांनी लावलं नाही. विहिरीच्या मालकानं लावलं. तो माझा सख्खा थोरला भाऊ आहे. मोजणीच्या मुलीचा यात काही संबंध नाही, तिला कामावर परत घ्यावं. विधेयकाला आमचा विरोध कायम आहे.

“चुकीचं कुणी लिहिलं ते?” तिनं विचारलं.

“ओळंब्यानं. लिही तसंच.”

“मी लिहिलं होतं, बाबा.”

“मग ओळंबा म्हणजे कोण? मी एकटा?”

तिनं तेवढी ओळ लिहायला फार वेळ घेतला. या वेळी सगळं दोनदा वाचून दाखवलं आणि उन्हं कलायच्या आत टाकलं.

संयोजकाचा फोन पाचव्या मिनिटाला आला. तिनं तो मिस्त्रींच्या कानाशी धरला तरी तिला सगळं ऐकू येत होतं. “काका, काय केलंत हे? विधेयकाच्या बाजूच्यांनी आत्ताच चालवलंय, विहीर मंचाचा खोटारडेपणा म्हणून! उद्यापर्यंत थांबता येत नव्हतं? तुम्हाला माहितीये किती लोक सह्या मागे घ्यायला निघालेत?”

“किती?”

“ते... मोजले नाहीत अजून. पण निघालेत! हे बघा, मला वाईट वाटतंय, पण मंचाच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल.”

“काढ,” मिस्त्री म्हणाले. फोन बंद झाल्यावरही ते कान तसाच पुढं करून बसले होते. पंधरा दिवस दगडांना ऐकवलेली पाच मिनिटं.

ब्लॉगवर लोक लिहीत होते. विकला गेला. म्हातारा फुटला. भावाला विकणारा विहीर काय वाचवणार. सून वाचत होती, पोर तिच्या कानातलं ओढत होती. तिनं एकही मिस्त्रींना वाचून दाखवलं नाही. मग तिला एकदम आठवलं. ती पिशवी उलटी करून कागद शोधायला लागली. मिस्त्रींनी मंचाच्या हरकतींच्या आधी, महिन्यापूर्वीच, स्वतःच्या नावानं एक साधी हरकत भरली होती. मंचातर्फे नाही, एकटी. त्या पावतीवर सुनावणीचा क्रमांक होता. एकसष्ट.

“बाबा, दोन मिनिटं मिळतात याला.”

राजधानीतलं ते सभागृह थंडगार होतं आणि खुर्च्या मऊ. मिस्त्री खुर्चीच्या कडेवर बसले, सदऱ्याची धूळ लागेल म्हणून. बाहेर वीस फुटी फलकावरचा कुलपाचा भाग घाईघाईनं कापडानं झाकला होता. मंचाची माणसं तीन रांगा पुढं बसली होती. त्यांतल्या कुणी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं त्यानं नजर काढून घेतली. सकाळी मोजणीच्या मुलीचा निरोप आला होता, शुक्रवारी कचेरीत बोलावलंय, पुढचं माहीत नाही. पोर सुनेच्या मांडीवर ओल्या हिरड्यांनी पावती चघळत होती.

एकसष्टवा क्रमांक पुकारला तेव्हा दुपारचा एक वाजत होता. गुडघे लगेच सरळ होईनात म्हणून सुनेनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं. पोर दुसऱ्या कडेवर. तसेच तिघं रांगांमधल्या वाटेवरच्या माइकपर्यंत गेले.

“मी विहिरी बांधतो,” मिस्त्री म्हणाले. माइकमधून स्वतःचा आवाज परत आल्यावर ते जरा थबकले. “विधेयकाला माझा विरोध आहे. पाण्याचं शेजाऱ्यांनी आपसात ठरवावं. राजधानीतून ठरवू नये.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. वयस्क बाई होत्या, आवाज शांत. “कुलपाचा फोटो टाकणारे तुम्हीच ना? आणि काल खुलासाही तुमचाच.”

“हो.”

“म्हणजे कुलूप तुमच्या भावानं लावलं. शेजाऱ्यांचं पाणी बंद केलं. मग शेजारी आपसात ठरवतात, असं तुम्ही कोणत्या तोंडानं म्हणता? याच्यासाठीच तर कायदा हवा ना?”

पुढं बसलेली मंचाची माणसं एकाच वेळी मागं वळली. संयोजकानं डोळे मिटून घेतले होते.

काखेतल्या हाताला सुनेला मिस्त्रींचा घाम लागला. भिंतीवरच्या घड्याळात उरलेल्या मिनिट-सेकंदांचे लाल आकडे उलटे चालले होते. एक अकरा. एक दहा. एक नऊ.

“तुम्ही बरोबर विचारलंत,” ते म्हणाले. “तुमची माणसं आली, आकडा रंगवून गेली. आम्ही फोटो काढला, लिहायला बसलो. टेकाडावरची माणसं डबे घेऊन दुसरीकडं गेली. पण दादाकडं जाऊन, बाबा रे, पाणी खरंच किती आहे, पाळ्या लावून बघू का, असं कुणीच विचारलं नाही. मी पण नाही. काल गेलो तो सांगायला गेलो.” ते थांबले. “मीटरला हे विचारता येत नाही, बाई. माझा विरोध आहे तसाच लिहा. पण मला आज इथं यायच्या आधी तिथं जायला हवं होतं.”

त्यांनी माइकला हात लावून तो बाजूला सारला. खरबरीत बोट लागून माइक करकरला.

“अजून वीस सेकंद आहेत तुमची,” टेबलाशी बसलेला कारकून म्हणाला.

“असू देत,” मिस्त्री म्हणाले. सुनेकडं वळून त्यांनी तिच्या कडेवरची पोर आपल्याकडं घेतली. “दोनची गाडी मिळेल का गं? मिळाली तर दादा अजून विहिरीवरच असेल.”

बासष्टवा क्रमांक पुकारला जात होता. सून पिशवी उचलून भराभर त्यांच्या पुढं झाली, दार उघडून धरायला.